दाढ काढावी की राखावी?



नाशिकचे नाव नासिकेवरून पडले, अशी आपल्याकडची जुनी कथा आहे. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते पंचवटीत, म्हणून गावाला हे नाव मिळाले असे म्हणतात. अशा या नाकाच्या मुलखात उभा राहून मी नाकाखाली दोन बोटांवर असलेल्या दातांविषयी बोलणार आहे. व्याख्यानमालेचे चालक विषय विचारायला आले, तेव्हा मी 'दातांच्या शस्त्रक्रिया' असे सांगितले आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. वसंतातल्या संध्याकाळी, दिवसभराच्या उन्हानंतर, लोक काव्य ऐकायला येतात, इतिहास ऐकायला येतात. चिमटे आणि सुया यांची वर्णने ऐकायला कोण येणार? परंतु आपण इतक्या मोठ्या संख्येने जमला आहात, त्या अर्थी अंबडमध्ये दाढदुखीचा अनुभव सार्वत्रिक असावा!

मी या भागात गेली तीस-पस्तीस वर्षे दंतवैद्य म्हणून काम करीत आहे. माझे बहुतेक रुग्ण कारखान्यांत पाळीने काम करणारे आणि त्यांच्या घरची माणसे. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली, आणि आज तीच सांगायची आहे. शस्त्रक्रिया लहान होणार की मोठी, हे पुष्कळदा रोगापेक्षा आपला उशीरच ठरवतो. आणि उशीर का होतो? पैसा आणि वेळ ही कारणे आहेतच; पण त्यांच्याही आधीचे कारण म्हणजे भीती. खुर्चीवर बसल्यावर काय होणार हे माहीत नसते, म्हणून माणूस घाबरतो. यास्तव खुर्चीवर नेमके काय होते, तेच आज उलगडून पाहू.

आरंभी थोडा इतिहास. दातांवर हत्यार चालवणे आपल्याला नवे नाही. सुश्रुताच्या शस्त्रांच्या यादीत 'दंतशंकू' आहे. पण जुन्या काळी सगळ्यांत मोठी अडचण होती ती वेदनेची. गंमत अशी, की ही अडचण दूर करण्यात दंतवैद्यांचाच हात मोठा आहे. अमेरिकेत हॉरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने १८४४ साली एक वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. त्याचाच एके काळचा भागीदार विल्यम मॉर्टन, हाही दंतवैद्य. त्याने १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या रुग्णालयात ईथरची भूल देऊन दाखवली आणि सर्जनने रुग्णाच्या मानेवरची गाठ काढली. आज पोटाची, हृदयाची शस्त्रक्रिया माणूस शांतपणे करून घेतो, त्याची एक वाट दंतवैद्याच्या खुर्चीपासून निघाली आहे. पुढे १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन हे औषध तयार झाले. आपण हिरडीत जे इंजेक्शन घेतो ते बहुधा हेच. हे औषध झोप आणत नाही. फक्त तेवढा भाग बधिर करते.

आपल्या देशात या विद्येचे शास्त्रशुद्ध शिक्षण विसाव्या शतकात आले. कलकत्त्याला डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली दंतमहाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. आणि १९४८ च्या कायद्याने दंतवैद्याची नोंदणी आवश्यक ठरली. आज आपल्या पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे दंतमहाविद्यालय आहे. म्हणजे बाजाराच्या दिवशी रस्त्यावर सतरंजी टाकून बसलेल्या माणसाकडून दाढ उपटून घेण्याचे दिवस संपायला हवे होते. ते अजून पुरते संपलेले नाहीत, हे मी खेदाने सांगतो.

आता मूळ विषयाकडे येऊ. सर्वांच्या परिचयाची शस्त्रक्रिया म्हणजे दात काढणे. दात 'उपटतात' अशी आपली समजूत आहे. वास्तविक डॉक्टर दात उपटत नाही. दात हाडाच्या खोबणीत बसलेला असतो आणि त्याला बारीक तंतूंनी हाडाशी धरून ठेवलेले असते. शेतकरी जमिनीत घट्ट रुतलेली खुंटी कशी काढतो? नुसती वर ओढत नाही. आधी इकडे-तिकडे हलवतो, भोक रुंद करतो, आणि मग ती सहज येते. दाताचेही तसेच आहे. तंतू सुटे करायचे, खोबण जरा रुंद करायची, आणि मग दात बाहेर घ्यायचा. बधिर केलेल्या जागी वेदना कळत नाही, पण दाब मात्र कळतो. रुग्ण या दाबालाच वेदना समजून ओरडतो. म्हणून मी आधीच सांगतो, की दाब कळेल, कुरकुर आवाज येईल, पण दुखणार नाही. दुखले तर हात वर करा, मी थांबेन. एवढ्या एका वाक्याने निम्मी भीती जाते.

दात काढल्यावर त्या खोबणीत रक्ताची गुठळी जमते. ही गुठळी म्हणजे निसर्गाने घातलेली पट्टी. ती जपणे हे खरे पथ्य. डॉक्टरने दिलेला बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरावा. तो दिवसभर जोराने चूळ भरू नये, सारखे थुंकू नये, गरम खाऊ-पिऊ नये. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, आणि त्याही हलक्या. विडी आणि तंबाखू तर वर्ज्यच. गुठळी निघून गेली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी उघड्या हाडाचा असा ठणका सुरू होतो, की मूळची दाढदुखी बरी वाटावी. पुष्कळ लोक या वेळी डॉक्टरला दोष देत घरीच बसतात. बसू नका, परत या. जखम धुऊन औषधाची पट्टी घातली की आराम पडतो.

इथे एक जुना गैरसमज काढून टाकू. 'वरची दाढ काढली की डोळा जातो' असे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावे लागते. मेंदूतून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. त्यांपैकी दुसरी जोडी दृष्टीची, पाचवी दातांची. दोघींचा रस्ता वेगळा, काम वेगळे. मग हा समज आला कुठून? पाचव्या मज्जातंतूची एक शाखा डोळ्याच्या आसपासच्या कातडीकडे जाते, त्यामुळे वरच्या दाढेची कळ डोळ्यापर्यंत गेल्यासारखी वाटते. शिवाय ज्या वयात दात पडतात, त्याच वयात डोळेही अधू होतात. दोन गोष्टी एका वेळी घडल्या, म्हणून एकीने दुसरी घडवली असे होत नाही. उलट खरी गोष्ट अशी आहे, की वरच्या किडलेल्या दाढेतला पू क्वचित वर डोळ्यापर्यंत पसरू शकतो. म्हणजे डोळ्याला भीती असेल तर ती दाढ ठेवण्याची आहे, काढण्याची नाही.

यानंतर अक्कलदाढ. ती साधारण सतरा ते पंचविशीच्या दरम्यान येते. अक्कल येते की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण दाढेला मात्र पुष्कळदा जागा मिळत नाही. भरलेल्या एसटीत शेवटचा उतारू जसा आडवा-तिरपा उभा राहतो, तशी ही दाढ हाडात तिरपी अडकते. अर्धी बाहेर, अर्धी हिरडीखाली. त्या हिरडीच्या झाकणाखाली अन्न अडकते, सूज येते, तोंड उघडेनासे होते. अशा वेळी नुसता चिमटा चालत नाही. हिरडीला छेद देऊन ती बाजूला सारावी लागते, थोडे हाड कोरावे लागते, कधी दाढेचे दोन तुकडे करून ते एकेक काढावे लागतात आणि शेवटी टाके घालतात. चार-सहा दिवस गाल सुजतो. ते अपेक्षितच असते. खालच्या अक्कलदाढेच्या मुळाशेजारून ओठाला स्पर्शज्ञान देणारा मज्जातंतू जातो. त्याला धक्का लागला तर ओठ काही काळ, क्वचित कायमचा, बधिर राहू शकतो. म्हणून आधी क्ष-किरण चित्र काढतात. डॉक्टर चित्र काढायला सांगतो ते बिल वाढवण्यासाठी, असे म्हणण्यापूर्वी हा मज्जातंतू आठवावा. सरळ आलेली, न दुखणारी, स्वच्छ ठेवता येणारी अक्कलदाढ उगाच काढण्याचे कारण नाही, हेही तितकेच खरे.

आता 'राखावी की काढावी' हा मुख्य प्रश्न. दाढ एका दिवसात मरत नाही. तिच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे काळा ठिपका. तेव्हा कीड कोरून सिमेंट भरले की काम संपते. दुसरी पायरी, थंड पाण्याने कळ येणे. तिसरी, रात्री ठणका लागणे. कीड आतल्या मगजापर्यंत पोचली. तरीही दाढ वाचते. आतला मगज काढून, मुळांच्या नळ्या स्वच्छ करून त्या भरतात. यालाच आपण रूट कॅनाल म्हणतो. ही खरे म्हणजे शस्त्रक्रिया टाळण्याची क्रिया आहे. एवढे करूनही मुळाच्या टोकाशी पू राहिला, तर हिरडी उघडून मुळाचे टोक कापतात आणि दाढ जागच्या जागी राखतात. शेवटची पायरी दाढ काढण्याची. आमचा कामगार काय करतो? पहिल्या तीन पायऱ्यांना एक खाडा वाचावा म्हणून औषधांच्या दुकानातून गोळी घेतो आणि रातपाळीला जातो. शेवटच्या पायरीवर माझ्याकडे येतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, 'काढायला किती घेणार?' मी म्हणतो, बाबा रे, आधी 'वाचेल का' हे तर विचार!

आणि या पायऱ्यांच्या पलीकडे एक दरी आहे. खालच्या दाढेचा पू जबड्याखाली उतरून हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी लाकडासारखा कडक सुजतो, जीभ वर उचलली जाते, गिळता येत नाही, श्वास अडकतो. हे दुखणे जीव घेऊ शकते. ताप, गळ्याकडे उतरणारी सूज आणि गिळायला त्रास अशी तीन लक्षणे एकत्र दिसली, तर सकाळची वाट पाहू नये. थेट मोठ्या रुग्णालयात जावे. तिथे चीर देऊन पू काढतात आणि शिरेतून औषध देतात. गालाला गरम शेक देऊन, हळदीचा लेप लावून घरी बसण्याचे हे दुखणे नव्हे.

हिरड्यांच्या शस्त्रक्रियेविषयी थोडक्यात सांगतो. दातांवर साचलेले किटण काढले नाही तर हिरडी सुजते, रक्त येते, हळूहळू आतले हाड झिजते आणि दात हलू लागतात. सुरुवातीला किटण काढणे पुरते. पुढे हिरडी उघडून मुळे साफ करावी लागतात. 'दात साफ केले म्हणून हलायला लागले' ही तक्रार मी नेहमी ऐकतो. दात आधीच हलत होते. किटणाने त्यांना सिमेंटसारखे चिकटवून ठेवले होते, एवढेच. मधुमेह असेल तर हिरड्यांचे हे दुखणे फार लवकर वाढते.

गेलेल्या दाताच्या जागी हाडात धातूचे मूळ बसवण्याची नवी सोय आता शहरात सर्वत्र मिळते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास असे आढळले, की टायटॅनियम हा धातू जिवंत हाडाशी घट्ट जुळून जातो. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात तो बसवला. बसवल्यावर हाड जुळायला बहुधा तीन ते सहा महिने लागतात. सोय चांगली आहे, परंतु महाग आहे. तिच्याकडे पाहून हातचा दात सोडू नये.

अंबडच्या श्रोत्यांसमोर अपघातांविषयी न बोलून चालणार नाही. पाळी सुटली की रस्त्यावर दुचाक्यांची एकच गर्दी होते. जबडा मोडल्यावर तो तारेने बांधून किंवा लहान पट्ट्या व स्क्रू बसवून जोडतात; आपल्याकडे नट-बोल्ट बनवणारी मंडळी आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शिरस्त्राण घालताना हनुवटीखालचा पट्टा लावा, एवढेच म्हणतो. आणि पक्का दात मुळासकट निखळून पडला, तर तो टाकून देऊ नका. पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. पेलाभर थंड दुधात ठेवा आणि ताबडतोब दंतवैद्याकडे या. अर्ध्या-एक तासात आलात, तर तोच दात पुन्हा बसवता येण्याची चांगली आशा असते. मुलाचा दुधाचा दात मात्र पुन्हा बसवत नाहीत.

आता जे सांगणार आहे ते बोलायला मला सोपे नाही.

व्यवसायाला सात-आठ वर्षे झाली होती. एक पन्नाशीच्या बाई सुनेला घेऊन आल्या. खालची डावीकडची एक दाढ हलत होती. बाहेर रुग्णांची रांग. बाईंना लग्न झाल्यापासून मिसरी लावायची सवय होती. मी दाढ पाहिली, हिरड्यांचे दुखणे असेल असे मनाशी ठरवले आणि भूल देऊन काढली. ती काहीही जोर न लावता हातात आली. वास्तविक तिथेच मी थांबायला हवे होते. बाकीचे सगळे दात घट्ट असताना एकच दाढ इतकी सैल का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. जीभ बाजूला करून गालाच्या आतली बाजू पाहिली नाही. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. जखम भरली नव्हती. मी औषध बदलून दिले. आणखी काही आठवड्यांनी आल्या, तेव्हा खोबणीतून मांस वर आले होते. तेव्हा मला घाम फुटला. तुकडा काढून तपासायला पाठवला. कर्करोग होता.

पुढे मोठ्या रुग्णालयात त्यांचा अर्धा जबडा काढावा लागला. त्या वाचल्या, पुष्कळ वर्षे जगल्या, दुधात कुस्करलेल्या भाकरीवर. मी भेटायला गेलो आणि म्हणालो, 'मावशी, चूक माझी झाली.' त्या म्हणाल्या, 'डॉक्टर, तुम्ही दोन महिने उशीर केला, म्या दोन वर्षं केला. दाढेखाली चट्टा होता, कुणाला दाखवला नाही.' त्या दिवसापासून संपूर्ण तोंड तपासल्याशिवाय मी चिमट्याला हात लावलेला नाही.

आपल्या देशातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे. कारणे आपल्या खिशात आणि चंचीत आहेत: तंबाखू, मिसरी, गुटखा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली; पण पुड्या कुठे मिळतात हे माझ्यापेक्षा तुम्हांलाच अधिक ठाऊक असेल. नुसत्या सुपारीनेही गालाचे मांस कडक होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. घरी गेल्यावर प्रत्येकाने आपली तीन बोटे उभी करून तोंडात जातात का, ते पाहावे. जात नसतील तर दाखवावे. आणि दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, कारण नसताना हलणारा एकटा दात, ही चिन्हे दिसली तर त्याच आठवड्यात या. तुकडा काढून तपासणे ही सगळ्या शस्त्रक्रियांत लहान शस्त्रक्रिया आहे. जागा बधिर करून हरभऱ्याएवढा, कधी त्याहूनही लहान तुकडा घेतात. 'हत्याराने रोग पसरतो' या भीतीने लोक ती टाळतात. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. न काढल्याने मात्र तो लपून वाढतो. हरभऱ्याएवढी शस्त्रक्रिया टाळली, की अर्ध्या जबड्याची वाट्याला येते.

शेवटी खुर्चीवर बसण्याआधी डॉक्टरला काय सांगावे आणि काय विचारावे, ते सांगतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची झडप, गरोदरपण, पूर्वी घेतलेले किरणोपचार, एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठणे, हे सर्व न विचारता सांगा. रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या किंवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणूनची औषधे चालू असतील तर चिठ्ठी घेऊन या. पण त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आणि तीन प्रश्न निःसंकोच विचारा: दात वाचेल का? न काढल्यास काय होईल? आपण माझे संपूर्ण तोंड पाहिलेत का? तिसऱ्या प्रश्नाचा राग येणारा डॉक्टर भेटलाच, तर मी सांगितलेली आजची गोष्ट त्याला सांगा. माझे नाव घेतले तरी चालेल.

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' असे आपण म्हणतो. अंबडमध्ये कष्टाने चणे मिळवणारी माणसे आहेत. ते खायला दातही राहावेत, एवढीच इच्छा आहे.  बोलताना मी आपल्यापैकी काहींना गालाला हात लावून बसलेले पाहिले. त्यांना विनंती एवढीच, की उद्या सकाळी कामावर जाण्यापूर्वी वेळ ठरवून टाका. खाडा एकच पडेल.